लाल दिवा लागला तर बरं

कात्रपमधल्या एका सोसायटीच्या गेटाशी शिडी लावून केबलवाला खांबावरचा काळा डबा उघडत होता. खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मान वर करून त्याला सांगत होत्या, “बंद नाहीये रे, चालतंय. पण मीटिंगमध्ये मुलाचा चेहरा मध्येच थिजतो.”

“काकू, लाल दिवा लागलाय का?”

“नाही, हिरवाच आहे.”

यावर तो वरूनच जे पुटपुटला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. खाली उतरून मला म्हणाला, “ताई, लाल लागला असता तर बरं झालं असतं. अर्ध्या तासात मोकळा झालो असतो.”

यंदाच्या अंकाचा विषय ‘भरवसा’. पगार, शाळेची फी, भाजीचे पैसे आणि रात्रीची मालिका ज्या क्लाउडवर टांगलेली आहे, त्याच्यावर आपण कशाच्या जोरावर विसंबतो, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी कात्रपला जाते म्हटल्यावर संपादकांना ते पटेना. डेटा सेंटरं ऐरोली, महापे, रबाळ्याला. बदलापूर पूर्वेला काय आहे? तर दुसरं टोक आहे. सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवरचं हे गाव. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर किती इमारती उठल्या ते कात्रपमधल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की दिसतं. इथले नोकरदार रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवायचे. २०२० नंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायला मिळू लागलं. पूर्वी गाडी रखडली की दिवस बुडायचा, आता नेट अडखळलं की बुडतो. आणि अडखळलेल्या नेटचं दुखणं थेट अमेरिकेतल्या संशोधकांनाही सतावत आलं आहे, हे शिडीखाली उभं राहिल्यावर आणि कागदपत्रं वाचताना माझ्या लक्षात आलं.

वजा सव्वीस

काचेचा तंतू केसाएवढा. केबलवाल्याच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या पेटीतून प्रकाश निघतो, पहिल्या स्प्लिटरमध्ये तो आठ वाटांना फुटतो, इमारतीजवळच्या दुसऱ्या स्प्लिटरमध्ये पुन्हा आठ वाटांना. म्हणजे एका पोर्टवर ६४ घरं. मध्ये कुठेही वीज लागत नाही, ही या व्यवस्थेची खुबी. खांबावरचा डबा नुसता प्रकाश वाटतो. प्रकाश किती उरला ते डीबीएममध्ये मोजतात आणि ३ डीबी उतरले की उजेड निम्मा झाला असं समजायचं. घरी वजा वीसच्या आगेमागे आकडा आला की केबलवाला खूश. वजा सत्तावीसच्या पलीकडे घसरला की राउटरवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल होतो आणि नेट जातं.

खांबावर आकडा ठीक होता. काकूंच्या घरात वायर मीटरला लावली तर वजा २६.४. म्हणजे जेमतेम. त्याने सोफा सरकवला, वायरीवरून बोट फिरवत फिरवत खिडकीपर्यंत गेला आणि थांबला. गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला ठोकलेल्या खिळ्याभोवती कुणीतरी ती वायर घट्ट आवळून वळवली होती. काचेतला प्रकाश फार तीव्र वळण सोसत नाही, वळणावर तो बाहेर सांडतो. वारा आला, वायर ताणली गेली की आकडा सीमेपलीकडे जायचा, वारा पडला की परत यायचा. दिवा लाल व्हायला वेळच मिळत नव्हता. त्याने वेढा सोडवला, वायरीला मोकळं वळण दिलं, पुन्हा मीटर लावलं. वजा १९.८.

“आता मुलाला सांगा, चेहरा सरळ ठेव,” तो म्हणाला. काकूंनी चहा टाकला.

वही

चहा घेताना त्याने मला वही दाखवली. साधी, दोनशे पानी. तक्रारी मोबाइलवर येतात, पण तो त्या वहीत उतरवतो: इमारत, मजला, वेळ, ‘बंद’ की ‘स्लो’. शेजारी त्या घराची वायर कुठल्या डब्यातून आली आहे त्याचा नंबर. एकाच घराची तक्रार असेल तर दोष बहुधा घरातलाच, त्यातही निम्म्या वेळा वाय-फायचा. एका इमारतीतल्या तीन घरांनी फोन केला तर त्या इमारतीचा स्प्लिटर. समोरासमोरच्या दोन इमारती ओरडायला लागल्या आणि दोन्ही एकाच डब्यावरच्या असल्या, तर शिडी थेट त्या डब्याला. “तक्रार आली की मी आधी वर बघत नाही, वहीत बघतो,” तो म्हणाला. “एकट्या माणसाचं फार मनावर घ्यायचं नाही. पण चार जण वेगवेगळ्या ठिकाणून बोलत असतील, तर चौघांच्या वायरी कुठं एकत्र येतात ते बघायचं.”

हे वाक्य मी टिपून घेतलं, कारण नेमका हाच विचार मी एका शोधनिबंधात वाचला होता. त्याच्या लेखकांत एक पाध्ये आहेत.

चार आडनावांचं समीकरण

जितेंद्र पाध्ये हे नाव संगणकजाळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना सगळ्यात आधी एका समीकरणामुळे माहीत होतं. १९९८ साली ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून ते मांडणारा, वेगळाच निबंध आला. पाध्ये, फिरोयू, टाउझली आणि कुरोस या चार लेखकांच्या आद्याक्षरांवरून जगभरचे लोक त्याला ‘पीएफटीके’ म्हणतात. मराठी आडनाव समीकरणाच्या अग्रभागी असल्याचा आनंद क्षणभर बाजूला ठेवू. ते समीकरण काय सांगतं ते जास्त रंजक आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधल्या जेमतेम ४०० यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्रं चालू होती. गर्दीत माहितीची पाकिटं गळत होती, पाठवणारे ती पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये त्यावर जो तोडगा मांडला तो आजही इंटरनेटच्या मुळाशी आहे: पाकीट हरवलं की समोर गर्दी आहे असं धरून चाल आणि वेग निम्मा कर, मग हळूहळू वाढव.

आता प्रश्न असा की, असं वागणाऱ्या जोडणीला शेवटी वेग मिळतो किती? १९९७पर्यंत उत्तर होतं की, पाकिटं गळण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी वेग व्यस्त प्रमाणात असतो. गळती चौपट झाली की वेग निम्मा. पाध्ये आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जोडण्यांवरच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना दिसलं की प्रत्यक्षातली दुरवस्था याहून वाईट असते. कारण बऱ्याच वेळा पाठवणाऱ्याला पाकीट हरवल्याचं कळतच नाही. पोच येण्याची वाट पाहत तो गप्प बसतो. मुदत संपली की पुन्हा पाठवतो. त्याचीही पोच आली नाही तर दुप्पट वेळ थांबतो. गळती थोडी वाढली की हे ताटकळणंच सगळ्यावर मात करतं. त्यांनी हे थांबणं हिशोबात घेतलं आणि आकडे जुळू लागले.

या समीकरणात आणखी एक राशी आहे: जाऊन-येऊन लागणारा वेळ. गळती तेवढीच ठेवून तो दुप्पट केला की वेग साधारण निम्मा होतो. कात्रपहून ऐरोलीच्या सर्व्हरला जाऊन यायला काही मिलिसेकंद पुरतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला दोनशेच्या घरात. म्हणून खिळ्याला वेढलेली तीच वायर जवळच्या साठ्यातली मालिका बऱ्यापैकी दाखवते आणि परदेशातल्या सर्व्हरवरची फाइल उतरवताना मात्र जीव काढते. काकूंच्या मुलाने ‘यूट्यूब तर नीट चालतंय’ म्हणून आईलाच वेड्यात काढलं होतं, त्याचं उत्तर इथे आहे.

व्हिडिओ-कॉल बहुधा पोचेची वाट पाहणाऱ्या या पद्धतीने (तिला टीसीपी म्हणतात) जात नाही, हे खरं. पण अशा वाहतुकीनेही जाळ्यात शेजारधर्म पाळावा, म्हणून सॅली फ्लॉइड, मार्क हँडली, पाध्ये आणि यॉर्ग विडमर यांनी २०००मध्ये याच समीकरणावर बेतलेली वेग ठरवण्याची रीत सुचवली आणि २००३मध्ये ती इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत गेली. आज वापरात असलेल्या नव्या पद्धतींना जुनं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. तरी थोडीशी गळतीसुद्धा किती महाग पडते, हे गणित करून दाखवण्याचं श्रेय त्या निबंधाचं आहे.

जिथे हजारो हिरवे दिवे असतात

पाध्ये पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेले आणि विषय बदलला: शहरांमधल्या तारांऐवजी एकाच छताखालच्या. डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर हजारो स्विचनी जोडलेले असतात. तुम्ही एक शोध घेतला की तो शेकडो यंत्रांना वाटला जातो, सगळ्यांची उत्तरं एकाच क्षणी परत येतात आणि शेवटच्या स्विचची चिमूटभर स्मृती भरून सांडते. २०१०मध्ये मोहम्मद अलिझादे, पाध्ये आणि इतरांनी मांडलेल्या डीसीटीसीपी या पद्धतीत स्विच पाकीट टाकून देण्याऐवजी आधीच त्यावर गर्दीची खूण करतो आणि पाठवणारा खुणांच्या प्रमाणात वेग कमी करतो. तितकाच किंवा जास्त वेग, पण स्विचमधली जागा ९० टक्के कमी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण मला जास्त आवडला तो वही पाहताना आठवलेला २०१८चा निबंध. मुख्य लेखिका बेहनाझ अरझानी. यंत्रणेचं नाव ‘००७’. डेटा सेंटरमधला सगळ्यात छळवादी बिघाड म्हणजे अर्धवट चालणारी जोडणी. मेलेल्या स्विचला वळसा घालता येतो, ते आपोआप होतं. पण हजारात एखादं पाकीट गाळणारा स्विच विचारल्यावर ‘मी ठणठणीत’ असंच सांगतो. त्याचा दिवा हिरवा असतो. पेंग हुआंग आणि मायक्रोसॉफ्टमधल्या त्यांच्या सहलेखकांनी २०१७मध्ये यालाच करड्या रंगाचा बिघाड म्हटलं: वापरणाऱ्याला त्रास दिसतो, देखरेख करणाऱ्या यंत्रणेला दिसत नाही.

००७ने स्विचला विचारणंच सोडून दिलं. प्रत्येक सर्व्हर फक्त आपल्या जोडण्यांवर लक्ष ठेवतो. एखाद्या जोडणीत पाकीट पुन्हा पाठवावं लागलं, तर तेवढ्याच जोडणीचा मार्ग शोधून काढायचा आणि त्या मार्गातल्या प्रत्येक दुव्याच्या नावावर संशयाचं मत टाकायचं. मार्गात पाच दुवे असतील तर प्रत्येकाला एक पंचमांश मत. एका तक्रारीने काहीच सिद्ध होत नाही. पण सगळ्या सर्व्हरांची मतं मोजली की निर्दोष दुव्यांवरची मतं विखुरलेली राहतात आणि दोषी दुव्यावर ढीग साचतो. एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये दोन महिने चालवल्यावर आधीच्या साधनांना सापडलेला प्रत्येक दोष तर या यंत्रणेने पकडलाच, शिवाय त्यांच्या हाती न लागलेलेही पकडले.

मी केबलवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मग ते वहीच वापरतात की.” मला त्याचं म्हणणं जवळजवळ मान्य आहे. फरक इतकाच की कात्रपमध्ये फोन करणारी माणसं आहेत, आणि माणूस कंटाळून फोन करणंच सोडून देतो. वहीतल्या ‘स्लो’च्या नोंदी ‘बंद’पेक्षा कमी होत्या. लोकांना नेट हळू चालतं याची सवय झालेली असते.

दुरुस्तीतून मोडतोड

केबल तुटण्याची कात्रपमधली कारणं विचारली तर पाठ केल्यासारखी आली: रस्त्याचं खोदकाम, झाडाची फांदी, उंच भरलेला ट्रक, मांजा, उंदीर. मग थोडं थांबून, “आणि आम्ही स्वतः. एकाची वायर जोडताना शेजारच्याची हलते.”

मोठ्या कंपन्यांच्या नोंदीही हेच बोलतात. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडच्या जाळ्यातल्या दोन वर्षांच्या बिघाडांची वर्गवारी पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये छापली. यंत्र बिघडल्याने झालेल्या घटना एक तृतीयांशाहून कमी होत्या. बाकी बहुतेक सॉफ्टवेअरमधल्या चुका, मांडणीतल्या चुका आणि थोड्या माणसाच्या हातच्या. म्हणजे जाळं नुसतं पडून राहिलं असतं तर ते जास्त टिकलं असतं. पण त्याला रोज नवं काही जोडावं लागतं. यावर त्यांनी ‘क्रिस्टलनेट’ बांधलं: खऱ्या स्विचमध्ये चालणारंच सॉफ्टवेअर क्लाउडमधल्या उसन्या यंत्रांवर चालवायचं, हजारो साधनांचं अख्खं जाळं काही मिनिटांत उभं करायचं, बदल आधी तिथे करून पाहायचा, मोडलं तर तिथे मोडू द्यायचं.

तालीम नसली की काय होतं ते ४ ऑक्टोबर २०२१च्या सोमवारी रात्री नऊनंतर सगळ्या देशाने पाहिलं. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गेले. फेसबुकच्या आतल्या जाळ्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने सगळे दुवे तोडले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीतच चूक होती. दुरुस्त करायला जाणाऱ्यांची साधनंही त्याच जाळ्यावर. सुमारे सहा तास गेले.

आणि गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी, २० ऑक्टोबर २०२५. फराळ आटोपून लोक फोन हातात घेतात त्या सुमाराला, दुपारी सव्वाबाराच्या आसपास, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात घोळ झाला आणि स्नॅपचॅट, कॅनव्हासारख्या सेवा कोलमडल्या. तिथे एका डेटाबेस सेवेचे पत्ते ताजे ठेवणारे, एकच काम करणारे प्रोग्राम मुद्दाम वेगवेगळे ठेवले होते, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. एक रेंगाळला आणि त्याने शिळी यादी नव्या यादीवर चढवली. तेवढ्यात दुसऱ्याने जुन्या याद्यांची साफसफाई काढली आणि हीच यादी जुनी म्हणून पुसली. पत्त्याची नोंद कोरी राहिली. दोघांनीही आपापलं काम नियमाप्रमाणे केलं होतं.

पुन्हा पुन्हा बटण

कात्रपमधली भाजीवाली स्पीकरच्या डबीवर ‘प्राप्त हुए’ ऐकल्याशिवाय पिशवी हातात देत नाही. १२ एप्रिल २०२५च्या शनिवारी यूपीआय अडलं तेव्हा उधारी लिहून ठेवली, म्हणाली, “नेहमीची गिऱ्हाइकं, जातील कुठं?” त्या आणि त्याआधीच्या मार्चअखेरीपासूनच्या गोंधळांचं कारण शोधताना यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला आढळलं की काही बँका ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ ही चौकशी वारंवार पाठवत होत्या, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा. यंत्रणा मंदावली की उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारणा. विचारणांच्या ओझ्याने ती आणखी मंदावते.

हा १९८६चाच आजार. नेथन ब्रॉन्सन आणि सहलेखकांनी २०२१मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं: ज्या धक्क्याने यंत्रणा डळमळली तो निघून गेला तरी ती सावरत नाही, कारण आता तिचीच धडपड तिला खाली दाबून ठेवते. एनपीसीआयचा इलाज जेकबसनच्याच वळणाचा होता. व्यवहारानंतर किमान ९० सेकंद थांबा, मग चौकशी करा, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. १ ऑगस्ट २०२५पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते, तेही त्याच शिस्तीतलं. पैसे अडकलेल्या माणसाला दीड मिनिट फार मोठं वाटतं. पण मला हा नियम त्या वर्षातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

दोन वायरी, एक खांब

घरून काम करणाऱ्यांनी कात्रपमध्ये आपला उपाय शोधला आहे: दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं आणि राउटरसाठी छोटा इन्व्हर्टर. खर्च वाढतो, पण रजा वाचते. केबलवाल्याने मला गेटाबाहेर नेऊन वर पाहायला सांगितलं. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून, एकमेकींना बांधून आल्या होत्या. एक जेसीबी, एक फांदी, दोन्ही गुल.

क्लाउडवाले याच भीतीपोटी एका शहरात वेगवेगळी केंद्रं ठेवतात. ॲमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत सेवा सुरू केली तेव्हा अशी दोन होती, २०१९मध्ये तिसरं आलं. एकमेकांपासून लांब, वीज वेगळी, तारा वेगळ्या. पण वेगळेपण कागदावर असणं आणि प्रत्यक्षात असणं यातलं अंतर १२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहानंतर मुंबई महानगराने अनुभवलं. पडघा, कळवा, खारघर या बाजूंनी शहराला वीज आणणाऱ्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, एक काढावी लागली, भार उरलेल्यांवर गेला आणि त्याही गळाल्या. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. वाहिन्या अनेक होत्या. त्या एकमेकींच्या भरवशावर होत्या.

या सोसायटीला दुसरी वायर मागच्या बाजूने, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आणता येईल. अंतर फार नाही, तंतूचा खर्चही किरकोळ. अडचण शेजारच्या सोसायटीच्या परवानगीची आहे. तिथल्या सेक्रेटरींचं म्हणणं, आमच्या गच्चीवरून वायर जाणार तर आम्हाला काय मिळणार? केबलवाल्याने त्यांच्या ऑफिसला फुकट नेट देऊ केलं आहे. काकूंनी आपल्या सोसायटीत विषय मांडला, तर निम्म्या लोकांनी विचारलं की आत्ता चालतंय ना, मग कशाला? दिवाळीनंतरच्या सभेत ठरेल.